विल्मॉट साहेबाची तसबीर

शामरावांनी विल्मॉट साहेबाची तसबीर बाबासाहेबांच्या शेजारी टांगली, तेव्हाच माझं डोकं फिरलं. नवरा असला म्हणून काय झालं?

शुक्रवार होता, सुट्टीचा. बहारीनला, मनामातल्या भाड्याच्या हॉलमध्ये आम्हा बौद्ध मंडळींनी बाबासाहेबांची जयंती ठेवली होती. हा विल्मॉट म्हणजे प्लेगच्या काळातला मुंबईचा गव्हर्नर. त्याच्या नावानं अख्खं कोकण बोटं मोडायचं. पण त्यानं महाडकडे आमच्या पोरांसाठी शाळा काढली आणि शामरावांचा आजा तिथं शिकला. म्हणून यंदा ह्यांचं भाषण, ‘एका बदनाम गव्हर्नरचं पुनर्मूल्यांकन’. महिनाभर जेवताना तेच ऐकून माझे कान किटले होते.

जुम्म्याची नमाज आटपून महमूदभाई खुर्च्या घेऊन आले. पुलापलीकडे मुहर्रकला त्यांचं फर्निचरचं दुकान आहे. जयंतीच्या खुर्च्या दरवर्षी त्यांच्याच, भाड्याचं नाव काढू देत नाहीत. मूळचे बाणकोटचे. तसबिरीखालचं नाव वाचून ते जागीच थबकले.

“ह्यानंच प्लेगच्या साली आमच्या खलाशांचं गलबत खाडीच्या तोंडाशी अडवलं, भाभी. उतरू दिलं नाय, पानी पोचू दिलं नाय. माझा पणजा त्यावरच मेला.”

पाणी अडवणारा माणूस, आणि आमच्या जयंतीला हार घालून बसलेला!

वाटलं, शामराव आता तरी खाली बघतील. कसलं काय!

“रोग पसरू नये म्हणून तसं करावं लागलं, महमूदभाई. दोन्ही बाजू बघायला हव्यात.”

भाषणातलंच वाक्य, पाठ केलेलं. मला किळस आली. ज्याच्याशी इतकी वर्षं संसार केला, त्याची किळस.

“अहो, आपल्यालाही पाणी बाटेल म्हणूनच नाकारलं होतं ना? नाकारणाऱ्यांनी धर्मशाळाही बांधल्या होत्या. त्यांचेही फोटो लावायचे का?”

“हळू बोल. लोक यायला लागलेत. कार्यक्रम होऊ दे, मग काढू.”

“ऱ्हावू द्या भाभी,” महमूदभाई म्हणाले. “खलास, झालं गेलं. तुमचा आज मोठा दिवस.”

ज्याचा पणजा तहानेनं मेला तो माझी समजूत घालतोय, आणि आमचे हे घड्याळ बघतायत! शी!

मी कोपऱ्यातलं स्टूल विल्मॉटच्या तसबिरीखाली ओढलं. ते डुगडुगत होतं. शामराव जागचे हलले नाहीत. महमूदभाईंनी ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं, आणि मी वर चढले.