मोरीच्या गळ्यातली घंटा

"आलीस परत? लग्न तुझं झालं की तिचं?" भाभी लाखीच्या पोटाला कपाळ टेकवून पुटपुटत होती. हात मात्र सडांवर भराभर चालत होते.

आमच्या बन्नीच्या गवताळ रानात म्हशी रात्रभर एकट्याच चरतात आणि उजाडता उजाडता आपापल्या दारी येतात. पुढे मोरी, तिच्या गळ्यात घंटा, मागे बाकीच्या. काल तेवीस गेल्या होत्या, आज चोवीस आल्या. चोविसावी लाखी, माझ्या भाचीला, जेनाला, लग्नात दिलेली. सासरच्या गावाहून चरायला निघते आणि सकाळी माहेरी उगवते. महिन्यातली ही सहावी वेळ.

"दूध?" मी विचारलं.

"बरणीभर. जेना आली की नेईल."

"आणि शेण?"

"शेण आमच्या अंगणात पडलं, ते आमचं. अर्धी भिंत सारवून झाली तिच्या जिवावर."

आम्ही दोघी हसलो. माझा भाऊ मिठण खाटेवर बसून बशीतल्या चहावर फुंकर घालत होता. तो हसला नाही.

मुलीला म्हैस दिली की आपल्या कळपाच्या पुढारणीच्या गळ्यातली घंटा बदलायची, असा आमच्या घरचा रिवाज. जुना आवाज कानी पडला नाही की दिलेली म्हैस सासरच्या कळपात रमते. मिठणनं लोहाराकडून नवी घंटा घडवूनही आणली होती. ती खुंटीवर लटकत होती. भाभी रोज तिच्यावरची धूळ पुसायची. मी रोज बघायची. बोलत कुणीच नव्हतं.

एरवी जेना एकटी यायची, बाजरीचा रोटला न् ताक घेऊन दुपारपर्यंत रेंगाळायची. आज सोबत सासू होती, हवाबाई. अंगानं भारी, मनानं बरी. धपकन बसली.

"मिठणभाई, घरच्यांचा निरोप आहे. ईदपर्यंत लाखी रमली नाही, तर तिला विकून दुसरी म्हैस घ्यायची. दुसऱ्याच्या दारात पान्हा सोडणारी काय कामाची?"

जेनाचा चेहरा उतरला. लाखीची आई मेली तेव्हा हिनंच कापडाच्या बोळ्यानं दूध पाजून तिला जगवलं होतं.

"जनावर आहे, रमेल," मिठण म्हणाला. "तुमच्याकडे गवत कमी असेल."

"गुडघाभर आहे."

"मग पाणी खारट असेल."

"एकाच तळ्याचं पितो की आपण!" हवाबाईनं पदरानं वारा घेतला. "याआधी पाच वेळा पोर इथं आली. पाचही वेळा मी दुपारपर्यंत हाक मारली नाही. एवढी काही मी खुळी नाही, मिठणभाई."

भाभीनं घाईघाईनं आणखी चहा ओतला. मी उगाच शेणाची पाटी इकडची तिकडे केली.

जेना उठली. आत जाऊन नवी घंटा घेऊन आली आणि लाखीच्या कानाशी वाजवली. लाखी ढिम्म, रवंथ चालूच. इतक्यात मोरीनं माशा झटकायला मान हलवली. जुनी घंटा खणखणली, तसे लाखीचे दोन्ही कान तिकडे वळले. सगळ्यांनी पाहिलं.

"अब्बा," जेनानं घंटा पुढे केली. "बांधा."

मिठणनं बशी खाली ठेवली. जुन्या पट्ट्याची गाठ सोडायला त्याला बराच वेळ लागला. भाभी मदतीला पुढे झाली, तिला त्यानं हातानंच थांबवलं. जुनी घंटा खाटेवर ठेवली, नवी मोरीच्या गळ्यात बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली. तरी तो तिथून हलेना.

"विसरलो नव्हतो मी," मोरीच्या मानेआडूनच तो म्हणाला. "लाखी आली की मागोमाग तू येतेस. जेना, तू गेल्यापासून मला करमत नाही गं."