काचेवरची हळद

मित्रांनो, उन्हाची नक्कल करणं हे माझं काम होतं. मी एक जुना दिवा आहे. दिसायला विशेष काही नाही. पत्र्याची पेटी, पोटात झगझगीत गोळा आणि तोंडाशी बशीएवढी काच. सध्या चाकणच्या एमआयडीसीतल्या एका प्रयोगशाळेत जिन्याखाली, मोडक्या खुर्च्यांच्या शेजारी पडून आहे. पण एके काळी बाहेर धो धो पाऊस असला तरी मी आत भर दुपारचं ऊन पाडत असे. त्याचा मला भारी तोरा होता, खोटं कशाला बोलू?

परदेशातल्या एका कारखान्यात मी घडलो आणि लाकडी खोक्यात बसून बोटीनं इकडे आलो. इथे माणसं माझ्यापुढे उघड्या पाठीनं पालथी झोपत. त्यांच्या पाठीवर पेनानं छोटे चौकोन आखत. आधी उघड्या कातडीवर मी ऊन पाडायचं आणि ती किती वेळात लाल होते ते बघायचं. मग शेजारच्या चौकोनांवर उन्हापासून वाचवणारं क्रीम लावून पुन्हा तेच. लाली जितकी उशिरा उमटेल, तितकं क्रीम चांगलं. बढाया मारणारी कितीतरी क्रीमं मी उघडी पाडली आहेत.

मला रोज पुसायच्या त्या सुमनताई. मूळच्या पुनावळ्याच्या. घरची शेतं जाऊन तिथे बिल्डिंगी उभ्या राहिल्या आणि ताई बस बदलत बदलत चाकणला मदतनीस म्हणून येऊ लागल्या. मऊ फडक्यानं काच पुसता पुसता त्या माझ्याशी बोलायच्या, आणि बोलणं बहुतेक लेकीचंच. करिष्मा हिंजवडीच्या चौकात ट्रॅफिक वॉर्डन. तिच्या मानेवर आणि हातांवर कोड. त्या पांढऱ्या कातडीला ऊन सोसत नाही, लगेच भाजते. म्हणून पोरगी पूर्ण बाह्या, स्कार्फ आणि हातमोजे घालून दिवसभर गाड्या आवरायची आणि घामानं निथळायची. तिला एकदा मोकळ्या मानेनं उभं राहता यावं, एवढीच ताईंची इच्छा होती.

मागच्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर एक नवा घटक तपासायला आला. पांढरी भुकटी, क्रीममध्ये कालवलेली. कातडीला खाज आणते का, हे आधी पट्ट्या लावून पाहिलं. नाही आणली. ऊन अडवते का, एवढंच राहिलं. हे काम चाचण्या घेणाऱ्या निरंजन सरांकडे होतं. दहा जणांच्या उघड्या पाठी मोजून झाल्या आणि खंडेनवमी आली.

त्या दिवशी आपल्याकडे लेथपासून लॅपटॉपपर्यंत सगळ्यांची पूजा होते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मलाही झेंडूची माळ मिळाली. सुमनताईंनी ओल्या हळदीत बोट बुडवलं, आधी पेटीला टेकवलं आणि मग काचेच्या मधोमध.

“हे तुझं कपाळ,” त्या म्हणाल्या. “सूर्यनारायणा, माझ्या लेकीला सांभाळ रं बाबा.”

इतकी वर्षं मी राबलो, पण मला देव कुणी म्हटलं नव्हतं. मी अगदी भरून पावलो.

सुट्टी संपल्यावर ताईंनी ओल्या फडक्यानं काच पुसली. टिळा गेला, पण हळद अशी जाते थोडीच? ती काचभर पसरली, इतकी पातळ की डोळ्यांना दिसेना, आणि माझ्या उष्णतेनं तिथेच भाजून बसली. माझं निम्मं ऊन त्या थरातच अडकू लागलं. मला ते कळत होतं. पण दिव्याला तोंड असतं, जीभ नसते.

अशा वेळेसाठीच एक मीटर असतो. रोज सकाळी तो माझ्यासमोर धरायचा, माझं ऊन कमी-जास्त झालेलं नाही ना ते बघायचं आणि मगच काम सुरू करायचं, असा नियम. तो मीटर नेमका त्या आठवड्यात दुरुस्तीला गेला होता. सरांनी थांबायला हवं होतं. पण निकालाची घाई होती. त्यांनी दसऱ्याआधीचाच आकडा कागदावर उतरवला आणि मला लावलं.

क्रीम लावलेल्या पाठी काही केल्या लाल होईनात. सर खूश झाले. उघड्या पाठी पुऱ्या उन्हात मोजल्या होत्या आणि क्रीमच्या पाठी निम्म्या उन्हात, हे मला एकट्यालाच माहीत.

“सर, उरलेली ट्यूब माझ्या करिष्माला दिली तर चालंल का?” ताईंनी भीत भीत विचारलं. “कोडाला सोसंल न्हवं?”

“अहो ताई, बिनधास्त न्या. इतकं भारी क्रीम आपल्याकडे आजवर आलं नव्हतं.”

चौथ्या दिवशी करिष्मा स्वतःच प्रयोगशाळेत आली. मान लालबुंद, हातांवर कोपरापर्यंत फोड. मागे सुमनताई, तोंडाला पदर लावून.

“आई म्हणाली, आता बांधून घेऊ नको, मोकळी उभी राहा,” ती सरांना म्हणाली. “मलापण वाटलं, एक दिवस तरी बाकीच्या पोरींसारखं उभं राहावं. दोनदा लावलं होतं क्रीम. तुमच्याकडं पास झालंय ना ते?”

मीटर त्याच सकाळी परत आला होता. सरांनी तो माझ्यासमोर धरला आणि त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी स्पिरिटचा बोळा काचेवरून फिरवला. बोळा पिवळा झाला.

“माझी हळद हाय ती,” सुमनताई म्हणाल्या. “माझंच बोट हाय, सर.”

सर काहीतरी बोलतील, असं मला वाटलं. मीटर नव्हता, आकडा मी जुनाच लिहिला, एवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं. त्याऐवजी अहवालात त्यांनी लिहिलं, ‘मदतनिसाच्या हलगर्जीपणामुळे काचेवर हळद.’

चाचणी पुन्हा झाली आणि घटक सपशेल नापास झाला. क्रीम बाजारात गेलं नाही, तेवढं बरं झालं. नवा दिवा आला, मी जिन्याखाली आलो. सुमनताई आता आवार झाडतात. करिष्माचे फोड भरले, पण भाजलेल्या जागी कोड आणखी पसरलं. हे मला ताईंनीच सांगितलं, झाडू टेकवून. “पोरगी मला एका शब्दानं बोलत न्हाई,” त्या म्हणाल्या, “त्येच सोसत न्हाई.”

यंदाच्या खंडेनवमीला त्या हळदीची वाटी घेऊन माझ्याकडे आल्या. माझ्यावरची धूळ झटकली. हळदीत बोट बुडवलं, पेटीपर्यंत आणलं आणि तसंच मागे घेऊन पदराला पुसलं.

“नगं बाबा,” त्या म्हणाल्या. “माझं बोट वाईट हाय.”

मित्रांनो, यंत्रांची पूजा जरूर करा, फक्त काचेपासून थोडी लांब. पण मीटर नसेल त्या दिवशी दिवा लावू नका, वरून कितीही घाई असो. आणि माझं आणखी एक काम करा. कधी चाकणला आलात आणि आवार झाडणारी, पदराला पिवळा डाग असलेली बाई दिसली, तर मला जे बोलता येत नाही ते तिला सांगा. म्हणावं, ताई, मीटर धरणं तुमचं काम नव्हतं.