गिअरबॉक्सच्या दिव्याचा संशय

मी या गाडीच्या गिअरबॉक्सचा दिवा बोलतोय. स्पीडोमीटरच्या काट्याखाली एक दातेरी चाक आणि त्याच्या पोटात उद्गारचिन्ह दिसतं ना, तो मी. पिवळा. मी पेटलेला कुणालाच आवडत नाही, आणि मीही कुणावर चटकन विश्वास टाकत नाही. संशय घेणं हीच माझी नोकरी आहे.

कारखान्यात आम्हा सगळ्या दिव्यांना एकाच काळ्या काचेमागे बसवलं. किल्ली फिरवली की आम्ही क्षणभर पेटून हजेरी देतो आणि विझतो. मग जो तो आपापल्या कामावर डोळा ठेवून अंधारात बसतो. ब्रेकचा दिवा तापट, पेट्रोलचा रडका. माझी तार खाली गिअरबॉक्सपर्यंत जाते. तिथे गिअर घसरला की मला कळतं. का घसरला, ते मात्र कळत नाही.

आमचा मालक म्हणजे दादा. धाकटा भाऊ त्याला दादा म्हणायचा, म्हणून मीही. त्याने गाडी जुनीच घेतली होती, ऑटोमॅटिक. गाडीत बसला की नखाने काचेवर टिचकी मारायचा, "काय मंडळी, ठीक ना?"

सुट्टीच्या दिवशी तो धाकट्याला बॉनेटपाशी उभा करायचा. "तेल बघायचं तर इंजिन बंद. गार होऊ दे. पट्टी ओढ, पूस, परत घाल, मग बघ. कळलं का, अतिशहाण्या?" धाकट्याचं शाळेशी कधी जमलं नाही, पण दादाचं वाक्य त्याच्या डोक्यात कायमचं बसायचं.

एकदा गाडी दिवसभर दवाखान्याच्या आवारात उभी राहिली. शेवटी दार उघडलं, तर बोटं वेगळीच. मला वाटलं, चोर. पण तो धाकटा होता. दादा आलाच नाही. धाकट्याने सीटसुद्धा पुढे घेतली नाही. पाय ताणून, कसाबसा ब्रेकपर्यंत पोचत त्याने गाडी घरी आणली.

मग मेस्त्री सांत्वनाला आला. गाडी नेहमी त्याच्याचकडे जायची. गिअरबॉक्सचं तेल त्यानेच नुकतं बदललं होतं. निघताना फाटकाशी तो वहिनीला, दादाच्या बायकोला, म्हणाला, "गाडी विकायची झाली तर आधी मला सांगा."

धाकट्याने ते ऐकलं. तेव्हापासून तो माझ्याहून संशयी झाला.

दुसऱ्या सकाळी त्याने बॉनेट उघडलं. इंजिन बंद, गार. इंजिनच्या तेलाची पट्टी ओढली. ठीक. मग मागे दडलेली दुसरी पट्टी, गिअरबॉक्सची. तिच्यावर तेल खुणेच्या बरंच वर.

"जास्त भरलंय," तो पुटपुटला. "मुद्दाम. गिअरबॉक्स गेला की भंगाराच्या भावात मागायला मोकळा."

त्याने बारीक नळी घालून तेल खुणेवर येईपर्यंत बाटलीत ओढून काढलं.

त्यानंतर एका चढावर मी पेटलो. इंजिन ओरडतंय, गाडी जागची हलत नाही, मागे हॉर्नवर हॉर्न. शेजारी वहिनी, मागच्या सीटवर तिची लेक.

"भाऊजी, हा कसला दिवा?"

"काही नाही. जुना झालाय, वेडा झालाय."

मला वेडा म्हणाला. असो.

घरी पोचल्यावर वहिनी म्हणाली, "पोरीला घेऊन मी रस्त्यात अडकणार नाही. पुन्हा पेटला तर गाडी देऊन टाकू."

"दादाची आहे ती."

"तुमच्या दादाचं माझ्याकडे बरंच काही आहे, भाऊजी. एक गाडी नसली तरी चालेल."

धाकट्याने मित्राचा स्कॅनर आणून स्टिअरिंगखाली खुपसला. स्कॅनर म्हणाला, गिअर घसरतोय. ते तर मी कधीचा सांगत होतो. धाकट्याने ती नोंद पुसली आणि मी विझलो. पण तोंड दाबलं म्हणून दुखणं जात नाही. पुढच्या चढावर मी पुन्हा पेटलो. या वेळी तो एकटाच होता. स्टिअरिंगवर डोकं टेकून म्हणाला, "दादा, काय करू रे?" मग गाडी तशीच रेटत मेस्त्रीच्या गॅरेजवर नेली आणि काच खाली करून ओरडला.

"काय केलंत माझ्या दादाच्या गाडीला?"

मेस्त्री हात पुसत आला. "आधी गप्प बस. उतरू नको. इंजिन चालूच ठेव." त्याने पट्टी ओढली. टोकाला जेमतेम ओल. "तेल कुठे गेलं?"

"मी काढलं. तुम्ही जास्त भरलं होतंत."

"बघितलंस कसं?"

"इंजिन बंद करून, गार झाल्यावर. दादाने शिकवलंय."

"ते इंजिनचं तेल. हे गरम असताना बघायचं, इंजिन चालू ठेवून. बंद गाडीत हे तेल खाली उतरतं आणि पट्टीवर जास्त दिसतं."

"म्हणजे दादा चुकला?"

"चुकला नाही रे. इथवर शिकवायचं राहिलं त्याचं."

मेस्त्री लाल तेल थोडं थोडं ओतत, पट्टी बघत राहिला.

"पण गाडी तुम्हाला हवी होती ना?"

"अजूनही हवीय. चांगली गाडी आहे, लाज कसली? हवी म्हणून मोडेन, हे तुला कुणी सांगितलं?"

परतताना चढ लागला. मी कान टवकारून बसलो होतो. गिअर घसरला नाही.

फाटकात वहिनी उभी होती. तो म्हणाला, "वहिनी, तेल मीच काढलं होतं."

"म्हणजे गाडीत बिघाड नव्हता?"

"नव्हता."

"मग आता तुम्हाला विकू का?"

तो खाली मान घालून हसला. ती म्हणाली, "बॉनेट उघडा. दर वेळी तुमच्या भरवशावर बसायला नको. मलाही दाखवा."

त्याने दाखवलं. "या दोन पट्ट्या. ही इंजिन बंद करून बघायची. दादाने शिकवलंय. ही चालू ठेवून."

"ही कुणी शिकवली?"

कडू काढा गिळावा तसा तो म्हणाला, "मेस्त्रीने."

सध्या मी विझलेला आहे. डोळा मात्र मिटलेला नाही. तुमच्याही गाडीत माझा कुणी भाऊबंद असेल. तो पेटला तर त्याला वेडा म्हणू नका, आणि समोर दिसेल त्या माणसावरही घसरू नका. संशय घ्यायला आम्ही आहोत. तुम्ही तेवढी पट्टी नीट बघा.