पिल्लांवरचा गळ

दुपारच्या सामसुमीत घर गपगार होतं. शीतलनं उंबऱ्याबाहेर चप्पल काढली आणि आतून फोडणीचा चर्र आवाज आला. ती तशीच थबकली. सासू चतुराबाई तर ओसरीवर तोंडावर पदर घेऊन झोपलेल्या. मग गॅसपाशी कोण?

प्रज्ञेश होता. कमरेला टॉवेल, डोळ्यांना कांद्याचं पाणी. लग्नाला सात वर्षं झाली होती, पण या माणसानं चहाचं आधण ठेवलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"आलीस? हातपाय धू. मरळीचं कालवण हाय."

धाकटी बहीण प्रतीक्षा बाळंत झाली म्हणून शीतल चार दिवस तिच्या सासरी डोंगरकड्याला होती. बाळंतिणीचा शेक, बाळाचं न्हाणं, रात्रीची जागरणं. अंगाचा पार भुगा झालेला. अशात दोन जीप बदलून घरी यावं आणि नवऱ्यानं आयतं ताट समोर ठेवावं, हे सुख कुठं ठेवू असं तिला झालं.

"मरळ कुठून आणली?"

"सिद्धेश्वरहून. तुझ्या अप्पानं दिली. म्हणले, पोरगी दमून येईल, तिला खाऊ घाला."

अप्पांचं नाव आलं आणि घास आणखी गोड लागला. मीठ जरा जास्त पडलं होतं, तरी ती दोन भाकरी जेवली. सहा वर्षांची आकांक्षा तिच्या शेजारी कोरडी भाकरी कुस्करत बसली होती.

"खा की गं, आजोबानं धाडली."

"पोट दुखून राहिलं," आकांक्षा खाली मान घालून म्हणाली.

हात धुऊन शीतलनं माहेरी, सिद्धेश्वरला फोन लावला. अप्पांचा, मुंजाजींचा, सगळा जन्म धरणाच्या पाण्यात जाळी टाकण्यात गेलेला.

"अप्पा, मासळी लई चवदार होती."

"कोणती मासळी गं?"

"ह्यांच्याजवळ दिली ती. मरळ."

"पोरी, हे दिवस मासळीच्या अंड्यांचे. महिना झाला, जाळं वाळत टाकलंय. आन् प्रज्ञेशराव इकडं आलेच न्हाईत."

फोन तसाच हातात धरून शीतल परसात गेली.

परसातलं तळं म्हणजे घर बांधताना मुरमासाठी खणलेला खड्डा. दोन खोल्यांएवढा, छातीइतका खोल. पहिल्या वर्षी अप्पांनी त्यात मरळीची पाच पिल्लं सोडली होती. सहा महिन्यांत त्यांनी तळ्यातलं हलणारं सगळं खाल्लं, मग एकमेकांना खाल्लं. पाण्यावर डासांचे थवे उठले, तेव्हा आरोग्यसेविका निर्मलाबाई येऊन चांगलं खडसावून गेल्या, जाताना बरणीभर गप्पी मासे देऊन गेल्या. अप्पा हसून म्हणाले होते, "पोरी, खाणारे दोन, तर खाऊ दोन हजार. हा हिशेब चुकला की तळं मेलं."

तेव्हापासून शीतल हिशेब सांभाळत आली. मरळीची एकच जोडी ठेवायची. एका कोपऱ्यात जलपर्णी राखायची, म्हणजे बारीक मासळीला लपायला जागा. बाकीचं पाणी मोकळं, म्हणजे मरळीला शिकारीला वाव. सकाळी मूठभर भाकरीचा चुरा टाकायचा आणि पाणी किती उसळतं ते बघायचं. कमी उसळलं तर अप्पांकडून डबाभर बारीक मासळी मागवायची. फारच उसळलं तर चाळणीनं काढून कमी करायची, कारण बारीक मासळी माजली की तीच मरळीची अंडी फस्त करते. दोन वर्षं तसंच झालं होतं. यंदा तिनं उन्हाळ्यातच मासळी विरळ केली आणि अंडी फुटली. शेकडो पिल्लांचा लालसर चेंडू पाण्यावर यायचा, श्वास घ्यायचा, खाली जायचा. आणि त्याच्याखाली हातभर लांबीचा काळा नर. मरळीत राखण नर करतो. खाणंपिणं सोडून तो पिल्लांखाली फिरत राहतो.

आता चेंडू नव्हता. इथं चार, तिथं सहा लाल ठिपके भिरभिरत होते. एक ठिपका वर आला, तोंड उघडलं आणि बाजूच्या गप्पीनं तो टिपला. ज्यांना नर खायचा, ती मासळी आता त्याच्या लेकरांवर तुटून पडली होती. मादी जलपर्णीखाली निवांत पडलेली. तिला त्याचं काही नव्हतं.

काळा नर कुठंच दिसत नव्हता. दोन भाकरी जेवली होती ती.

प्रज्ञेश टॉवेलला हात पुसत मागं येऊन उभा राहिला. तिच्या हातातला फोन त्यानं पाहिला.

"काल लालसिंग आला होता," तो आपणहून म्हणाला. लालसिंग त्याचा खास दोस्त. "परवा श्रावण लागून राहिला, मग महिनाभर तोंडाला कुलूप. म्हणला, घरची मरळ म्हणून नुसती शेखी मिरवतो, एकदा खाऊ तर घाल. एकच काढली गं. दुसरी हाय ना."

"गळाला काय लावलं होतं?"

तो टॉवेलला पुन्हा हात पुसू लागला.

"बेडूक लावला. पिल्लांच्या मधोमध टाकला. व्हय ना?"

"तूच तर सांगितलं होतं," तो पुटपुटला.

तिनंच सांगितलं होतं. लग्नाच्या वर्षी, धरणाच्या भिंतीवर बसून. पिल्लांवरच्या मरळीपुढं काहीही टाका, ती झडप घालते. भूक म्हणून नव्हे, लेकरांत परकं कुणी शिरलं म्हणून. तिला राहवतच नाही. जवानीत अप्पांनी एकदा तशी मरळ धरली होती. दुसऱ्या दिवशी तिच्या पिल्लांची गत बघितली आणि नंतर जन्मात पिल्लांवर गळ टाकला नाही. अप्पांनी ही गोष्ट घराबाहेर कुणाला सांगितली नव्हती. शिकवली तर लोक तेच करतील म्हणून. शीतलनं एकट्या प्रज्ञेशला सांगितली. आपलं माणूस म्हणून. तेव्हा त्यानं तिचा हात दाबला होता, म्हणाला होता, आपल्या हातून असं व्हायचं न्हाई. चार दिवसांपूर्वी जीपमध्ये बसतानाही तिनं बजावलं होतं, पिल्लं पांगेपर्यंत तळ्याला हात लावायचा नाही. "मी राखण करतो," म्हणाला होता.

"आन् अप्पांचं नाव काहून घेतलं?"

"त्यांचं नाव घेतलं की तू पुढं ईचारत न्हाईस."

बोलून गेला आणि त्याचं त्यालाच उमगलं, आपण काय बोललो ते. "तुला वाईट वाटू नये म्हणून तर रांधलं मी. पोटाकडचे चांगले तुकडे तुझ्यासाठी फ्रिजमध्ये ठेवले होते."

आवाजानं चतुराबाई उठून आल्या. "काय झालं गं? आल्या आल्या काय लावलंस?"

"आत्या, तुमाला ठाऊक होतं?"

"आता बाई! माशासाठी एवढं? नवऱ्यानं रांधून घातलं, दुसरी असती तर गावभर सांगत सुटली असती. लालसिंग म्हणलाच होता, प्रज्ञेश, बायको येऊ दे, मग तुझंच कालवण होतंय."

"आन् तुमी सगळे हसलात."

चतुराबाईंनी पदर सावरला. "हसलो मंग. त्यात काय पाप झालं?"

शीतल आत गेली. गव्हाची चाळणी आणि पांढरी बादली घेऊन आली. साडी खोचून पाण्यात उतरली. प्रज्ञेश काठाशी आला. "दे, मी काढतो."

"तुमी न्हाई."

तो उभा राहिला, मग बसला, मग उठून निघून गेला. ती एकेका ठिपक्याखाली चाळणी सरकवत राहिली. पिल्लू जिवाच्या भीतीनं तिच्यापासूनही पळायचं. तासाभरात बादलीत तेवीस झाली. कशीबशी एकत्र येऊन ती बादलीच्या तळाशी काहीतरी शोधत होती.

आकांक्षा कधी येऊन बसली ते तिला कळलं नाही. दोन्ही हातांनी तिनं बादली धरून ठेवली होती.

"मम्मी, मला ठाऊक होतं."

शीतलनं चाळणी काठावर ठेवली.

"पप्पानं बेडूक माझ्याकडूनच धरून घेतला. मंग म्हणले, मम्मीला सांगू नको, तुला माझी शपथ. म्हणून मी खाल्लं न्हाई." तिनं बादलीत वाकून बघितलं. "सांगितलं असतं तर तू बी खाल्लं नसतंस ना?"

शीतलनं ओल्या हातानं तिचं डोकं खांद्याशी धरलं. "तुझी काही चूक न्हाई, राणी."

पोरीनं मान वर करून आईकडं पाहिलं.

"मंग मम्मी, आता पप्पानं काही सांगितलं, तर मी ऐकू का नको?"