मालक गाडीत हवा

"वाईच पुढे सर मरे, भाई. फळी सरकता."

सकाळचे सहा वाजले होते. किशोरीने व्हीलचेअर गाडीच्या डाव्या दाराला चिकटवून लावली होती, खुर्ची आणि सीट यांच्यामध्ये फणसाची गुळगुळीत फळी टाकली होती, आणि तिच्यावरून ती थोरल्या भावाला, दत्तारामला, आत ओढत होती. दत्ताराम चौपन्न वर्षांचा, कमरेखाली मेलेला आणि कमरेवर चांगला जड. 'कमरेखाली मेलेला' हे त्याचेच शब्द, लोकांनी कीव करायच्या आधीच तो ते वापरून टाकायचा.

"ओढतंस की सुरण उपटतंस गो?"

"सुरण गप तरी रवता."

तो एकदाचा सीटवर आला. तिने त्याचे पाय एकेक करून आत ठेवले, पट्टा लावला आणि मागच्या सीटवर आपला बर्फाचा डबा ठेवला. नियम पाळला गेला होता. गाडीचा मालक गाडीत होता.

दत्ताराम बोटीवर फिटर होता. अकरा वर्षांपूर्वी बोटीच्या खणात पडला आणि मणका गेला. बायको दीड वर्ष थांबली, मग माहेरी गेली ती गेलीच. किशोरीचं लग्न जमायचं राहिलं होतं, तेही राहिलंच. लोक म्हणाले, बरं झालं, घरात कोणीतरी आहे. 'घरात कोणीतरी असणं' म्हणजे काय, हे तसं म्हणणाऱ्यांना कधी करून बघावं लागत नाही.

गाडी दत्तारामच्या नावावर, दिव्यांग म्हणून कर माफ होऊन आलेली. किशोरी ती चालवायला एक्केचाळिसाव्या वर्षी शिकली. महिन्यातून एकदा त्याला कुडाळला डॉक्टरकडे न्यायचं, बाकीचे दिवस गाडी अंगणात ताडपत्रीखाली. मग कुडाळच्या एका लॅबला घरोघरी जाऊन रक्त काढायला बाई हवी होती. उपाशीपोटीचं रक्त घ्यायचं आणि दहाच्या आत पोचवायचं. त्या वेळेला गावात एसटी नाही, आणि स्कूटीवरून ती एकदा चिखलात घसरून मनगट मोडून बसली होती. किशोरीने ताडपत्री काढली. पाच वर्षं त्या नोकरीवर दोघांचं घर चाललं. ती सहाला निघायची, अकराला परत यायची. मधल्या वेळात शेजारचा सुदेश रिक्षा काढायच्या आधी डोकावून जायचा, आणि भाई मोबाइल घेऊन पंख्याखाली पडून असायचा.

गेल्या सप्टेंबरात परिवहन कार्यालयाची नोटीस आली.

"ताई, ही गाडी दिव्यांगासाठी आहे. तुमच्या नोकरीसाठी नाही," ऑफिसातले साहेब म्हणाले. "तशी तक्रार आली आहे."

किशोरी ऑफिसात शिरली की शुद्ध बोलायची. "साहेब, मी त्यांची बहीण. त्यांचं सगळं मीच करते. नोकरी सोडली तर दोघांनी खायचं काय?"

"पटतंय. पण काळजी घेणाऱ्याच्या नोकरीबद्दल नियमात काही लिहिलेलं दिसत नाही. वर विचारतो, लेखी उत्तर येईल. तोपर्यंत मालक स्वतः गाडीत असले, तर कोणी काही बोलणार नाही."

"तक्रार केली कोणी?"

"ते सांगता येत नाही."

साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने बिचाऱ्याने एक पळवाट दाखवली, किशोरीने तिचा हमरस्ता केला. साहेब सहज बोलला तो हिच्या लेखी कायदाच झाला. दुसऱ्या दिवसापासून भाई रोज गाडीत.

तक्रार कोणी केली, हे मात्र तिने घरी येईपर्यंत ठरवून टाकलं होतं. सुदेशने. वाटेत हात दाखवणाऱ्या एकदोन बायकांना ती कुडाळपर्यंत सोडायची, रिक्षाचं तेवढं भाडं बुडत होतं. दहा वर्षं महिन्यातून एकदा हाच सुदेश भाईच्या काखेत हात घालून त्याला अलगद उचलून गाडीत ठेवत आला होता. पण राग आला की माणूस दहा वर्षं विसरतो आणि दोन सवाऱ्या मोजतो. तिने त्याला रस्त्यावरच गाठलं.

"माझ्या गाडयेत दोन बायलो बसल्यो म्हणान तुझ्या पोटात दुखला?"

"किशोरी, देवाशपथ, माका ह्यातला काय म्हायत नाय."

"देवाकच विचारतंय मगे."

सुदेशने त्यानंतर अंगणात पाय ठेवला नाही. म्हणून ती फणसाची फळी आली.

आणि देवालाही तिने खरोखर विचारलं. सातेरीच्या देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. गाडी पायऱ्यांशीच उभी केली होती, भाई काच खाली करून बसला होता. दाजी गुरव नेहमीच्या सुरात सुरू झाले. हे शब्द त्यांच्या तोंडात इतके बसलेले की त्यांना स्वतःलाही ऐकू येत नसावेत.

"बा देवी सातेरी, ज्या कोणी ह्या भावा-बहिणीच्या पोटार पाय दिल्यान, तो घरचो असो, दारचो असो, त्येका बसल्या जाग्यार कळान येंव दे."

"व्हय म्हाराजा," देवळातले चारपाच जण म्हणाले. किशोरीही म्हणाली. गाडीतून भाईचा आवाज आला तो जरा उशिराने, सगळे थांबल्यावर.

पुढचे दोन महिने, खरं सांगायचं तर, त्या घरातले अकरा वर्षांतले सगळ्यात चांगले दिवस होते. भाई रोज दाढी करू लागला. वालावलला लक्ष्मीनारायणाच्या तळ्याकाठी ती गाडी सावलीत लावायची आणि पाच घरं करून यायची, तोवर भाई येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारून मारून बोलायचा. सुगंधाकाकी, जिची साखर दर आठवड्याला तपासायची असे, भाईसाठी बिनचूक चहा आणायची आणि खिडकीशी उभी राहून सुनेची गाऱ्हाणी सांगायची. भाई सुनेची बाजू घ्यायचा. काकी भांडायची आणि पुढच्या आठवड्यात परत चहा आणायची.

"त्या मेल्या सुदेशान बराच केल्यान म्हणूचा," एकदा किशोरी गाडी चालवताना हसून म्हणाली.

भाई बाहेर ओढ्याकडे बघत होता. "व्हाळाक पाणी बरा आसा यंदा," तो म्हणाला.

डिसेंबरात गाडीत वास येऊ लागला. किशोरीला वाटलं, आदल्या दिवशीच्या बांगड्याची पिशवी सांडली असणार. तिने मॅट धुतले, डिकी धुतली, लिंबू कापून ठेवलं. वास गेला नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी भाईची चड्डी बदलताना तिला कळलं की बांगड्याचा काही संबंध नव्हता. माकडहाडाच्या खाली सुपारी बसेल एवढं भोक पडलं होतं, आणि आत काळं होतं.

ज्याला कमरेखाली कळत नाही त्याला दर अर्ध्या तासाने हातांवर स्वतःचं अंग उचलायला लावायचं, फळीवरून घासत ओढायचं नाही, रोज पाठ बघायची. हे सगळं तिला पाठ होतं. दुसऱ्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं दिसली की सुई काढता काढता ती त्यांच्या सुनांना हेच सांगायची. स्वतःच्या भावाला तिने रोज पाच तास बसवून ठेवलं, आणि पाठ बघायची राहून गेली, कारण दहाच्या आत पोचायचं होतं. तिला स्वतःची किळस आली.

हॉस्पिटलात न्यायला एकटीचं काम नव्हतं. सुदेशला सांगायला तिने शेजारची पोरगी पाठवली. तो आला, भाईला नेहमीसारखं अलगद उचललं, मागच्या सीटवर पालथं ठेवलं आणि किशोरीकडे न बघता गेला.

"किती दिवस पाठ बघितली नव्हतीत?" डॉक्टरांनी विचारलं. "चार महिने पालथं झोपवायचं. कदाचित सहा. बसायचं नाही, अजिबात नाही."

आता मालक गाडीत बसू शकत नव्हता, म्हणून गाडी पुन्हा ताडपत्रीखाली गेली. तीन आठवडे किशोरी घरी. लॅबमधून फोन आला की सोमवारपर्यंत बघू, मग दुसरी बाई घेऊ. शनिवारी पोस्टमनने ऑफिसचं पत्र आणून दिलं. भाईची सगळी पत्रं तीच फोडायची, तसं तिने हेही ओट्यावर उभ्या उभ्या फोडलं.

दिव्यांग व्यक्तीच्या उदरनिर्वाहासाठी व देखभालीसाठी, तिच्या कुटुंबातील काळजीवाहकाने वाहन कामावर जाण्यास वापरल्यास हरकत नाही. मालकाने प्रत्येक वेळी वाहनात हजर असण्याची आवश्यकता नाही. मालकाचं संमतिपत्र तेवढं जोडावं. किशोरीला हसू आलं, मग रडू आलं, मग तिने वरची ओळ वाचली. पत्र भाईच्या नावाने होतं, त्यात काही विशेष नव्हतं. विशेष होतं ते पहिल्या वाक्यात. 'आपण दि. २ सप्टेंबर रोजी मोबाइलद्वारे केलेल्या तक्रारीच्या अनुषंगाने.'

ती दोनदा वाचून आत गेली. भाई पालथा, तोंड उशीत. तिने हात धुतले, ड्रेसिंगचा ट्रे घेतला आणि त्याच्या बाजूला बसली.

"कोणाचा पत्र इला?" उशीतून आवाज आला.

"ऑफिसचा. मी गाडी नेवक हरकत नाय म्हणतत. तू आत नसलंस तरी."

"बरा झाला."

"तुझ्या तक्रारीचा उत्तर आसा ता."

किशोरी जुनी पट्टी सोडवत होती.

"रोज सकाळी गाडी जाय ती मी आयकत पडंय," भाई म्हणाला. "पुलापर्यंत आयकाक येता. माझ्या नावाची गाडी. मगे दिसभर ह्यो पंखो. माका वाटला, ते तुका सांगतले, मालकाक घेवन जा म्हणान. आणि सांगल्यानी."

"माका सांगाचा मरे."

"तुका वेळ खंय होतो?"

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच तिला त्याचा असा संताप आला की हातातला चिमटा त्या भोकात खुपसावा. खुपसला असता तरी त्याला कळलं नसतं. तिने जखम धुतली, औषधाची पट्टी आत भरली, वरून नवी पट्टी लावली. हात जराही हलला नाही, त्या हाताची सवयच तशी होती.

"किशू," तो म्हणाला, "ता गाऱ्हाणा मागे घेवक येता काय गो?"

"येता," ती म्हणाली. "पण ज्येच्यावर घातलला आसा, त्येना देवीसमोर येवन बसाक होया."

असं काही नव्हतं. दाजींनी तिला असं कधी सांगितलं नव्हतं. तिने ते तिथल्या तिथे, चिकटपट्टी कापता कापता बनवलं. भाईने मान भिंतीकडे वळवली. तिने संमतीचा कागद आणि पेन त्याच्या हाताशी ठेवलं, आणि त्याने उशीवरच, न बघता सही केली.

सोमवारी ती एकटी निघाली. वालावलला सुगंधाकाकी चहा घेऊन डाव्या खिडकीशी आली आणि रिकाम्या सीटकडे बघत राहिली. "दत्ताराम नाय आज?" किशोरीने चहा स्वतः घेतला, काकीचं रक्त काढलं, कुडाळात सॅम्पल पोचवले. परत येताना देवळापाशी थांबली.

"घातलला गाऱ्हाणा मागे घेवचा आसा. काय करूचा लागता?"

"करूचा काय," दाजी म्हणाले. "नारळ ठेय. चुकला म्हण."

तिने नारळ ठेवला. दाजींनी देवीला चार शब्द सांगितले. देवळात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून 'व्हय म्हाराजा' तिने एकटीनेच म्हटलं. पाच मिनिटंही लागली नाहीत.

घरी आल्यावर भाईने विचारलं, "आज उशीर झालो? पुलार गाडी मगाशीच आयकलंय."

"टायर बगी होतंय," ती म्हणाली. उद्या सांगू, असं तिने मनाशी ठरवलं. सुदेशकडेही उद्याच जाऊ.

असे उद्या पुष्कळ आले. महिन्यातून एकदा ती भाईला मागच्या सीटवर पालथा घालून कुडाळला नेते. सुदेश उचलायला येतो, बोलत नाही. डॉक्टर जखम बघतात, हळूहळू भरतेय म्हणतात आणि भाईचं कौतुक करतात. एवढी जिद्द असलेला पेशंट त्यांनी पाहिला नाही. दर खेपेला तो एकच गोष्ट विचारतो, बसता कधी येईल, देवीकडे जायचंय. किशोरी तेव्हा टेबलाच्या पलीकडे उभी असते आणि पिशवीत गाडीची चावी शोधत असते.