हसण्याआधी

मी ओड्गेरच्या मेंढ्याची गोष्ट ऐन रंगात आणली होती आणि नेमकी तेव्हाच स्टेनवोर उठली. गरम पाण्याच्या कुंडात ओड्गेरसकट आम्ही नेहमीची मंडळी गळ्यापर्यंत बुडून बसलो होतो, वरून बारीक हिम पडत होतं. 'आलेच' असंसुद्धा न म्हणता ती पायऱ्या चढली, ओल्या पायांनी कपड्यांच्या खोलीकडे पळाली आणि परत आलीच नाही. मेंढा चर्चच्या दारातच अडकला.

आमच्या फ्योर्डातल्या, डोंगरांत घुसलेल्या खाडीकाठच्या गावात पोहण्याचा तलाव म्हणजे चावडी. कामाला जुंपण्याआधी कुंडात बसायचं आणि जगाचा न्याय करायचा. कुंडात कुणी दिसलं नाही तर ते माणूस समुद्रावर गेलेलं असतं, मेलेलं असतं किंवा रुसलेलं असतं. स्टेनवोर मासळीच्या कारखान्यात काटे काढते, बोटीवर पाऊल ठेवत नाही. आणि ती मेली नव्हती, कारण माझ्याच दुकानातून दूध नेत होती, खाली मान घालून. म्हणजे रुसली होती. कुणावर? गोष्ट माझी चालली होती, म्हणजे माझ्यावर. गावानं आमचं भांडण ठरवून टाकलं, आणि भांडणाचं कारण मला टपालवाल्याकडून कळलं.

मला ते फार लागलं. खरं तर माझ्या गोष्टी तिच्या हसण्यावरच उभ्या होत्या. मान मागे टाकून, हात पाण्यावर आपटत ती अशी हसायची की मोठ्या तलावात पोहणारे थांबून बघायचे. पण वर्षभरात ते हसणं आटलं होतं. ती ओठ मिटून घ्यायची, पायऱ्यांजवळची जागा धरायची आणि सारखी चुळबुळ करायची. मला वाटायचं, माझ्या गोष्टी शिळ्या झाल्या.

शेवटी माझ्याच्यानं राहवेना. पॅनकेक केले, ताटलीवर फडकं टाकलं आणि तिच्या दारात उभी राहिले. तिनं आत घेतलं, मला कॉफी ओतली, स्वतःला नाही. आमच्याकडे असं कुणी करत नाही. ती बसेना. एकदा न्हाणीघरात जाऊन आली, पॅनकेकला साखर लावली आणि पुन्हा उठली.

"कॉफी सोडलीस?" मी विचारलं.

"पाणीही सोडल्यातच जमा आहे."

"माझ्यावरच्या रागानं?"

ती ओट्याला टेकून म्हणाली, "हुल्डा, हसले की मला लघवी होते. त्या दिवशी तुझ्या मेंढ्यानं घात केला. लोकांच्या पाण्यात, अगं."

सुरुवात शिंकेनं झाली होती. मग मासळीची खोकी उचलताना, मग घराच्या कुलपात किल्ली घालताक्षणी. कारखान्यात सरकत्या पट्ट्यावरचं काम सोडून उठायचं तर हात वर करावा लागतो, सगळे बघतात. म्हणून ती कामाआधी, सुट्टीत, सुट्टी संपताना, गरज असो नसो, जाऊन यायची. तिची आई शेवटी अशीच झाली होती, तिच्याशेजारी चर्चमध्ये कुणी बसत नसे. हे सांगताना स्टेनवोर रडली नाही, मीच रडले. आणि स्वतःचा रागही आला, इतके दिवस मी मेंढ्याचंच दुःख करत बसले होते म्हणून.

मी म्हटलं, आरोग्य केंद्रात जा, तिथल्या डॉक्टर उन्नूरला दाखव.

"उन्नूर ओड्गेरची सून आहे. आज तिला सांगितलं की उद्या कुंडात चर्चा."

तरी मी तिला ओढून नेलं. ती आत गेली आणि मी बाहेर, तिथल्या रिवाजाप्रमाणे बूट काढून, मोज्यांनिशी येरझारा घालत राहिले. किती वेळ लागतो एका बाईला तपासायला! आत काय झालं ते तिनं परतताना गाडीत सांगितलं. उन्नूरनं बाळंतपणं विचारली, लघवी तपासली, संसर्ग नव्हता. जाऊन आल्यावर पोटावर यंत्र फिरवून आत काही उरतंय का ते बघितलं. त्याआधी मूत्राशय भरलेलं असतानाच उभं करून खोकायला लावलं होतं, पायांखाली कागद अंथरून. "खोकले," स्टेनवोर म्हणाली, "आणि कागदानं चहाडी केली." मग उन्नूरनं हातमोजे घालून आतला स्नायू आवळायला सांगितला. तो अगदीच सैल पडला होता.

उन्नूरचं म्हणणं साधं होतं. पाणी कमी प्यायल्यानं लघवी तीव्र होते आणि मूत्राशय जास्तच चिडतं. सारखं आधीच जाऊन आल्यानं त्याला थोडं भरलं तरी हाका मारायची खोड लागते. तेव्हा नीट प्यायचं, हाक आली की जरा थांबायचं, थांबणं हळूहळू वाढवायचं. स्नायू रोज आवळायचा, सोडायचा, निदान तीन महिने. आणि खोकायच्या, शिंकायच्या, हसायच्या आधी आवळून धरायचा. नाहीच जमलं तर औषधं आहेत, शस्त्रक्रियाही आहे. निघताना ती म्हणाली होती, "सासरा मला रोज विचारतो, आज कोण आलं होतं. मी त्याला अजून कुणाची सर्दीसुद्धा सांगितलेली नाही."

मग दुकानात रांगेत उभी असताना स्टेनवोरचा चेहरा मधेच दगडी व्हायचा, म्हणजे आवळणं चालू. मी बटाट्यांकडे बघायची. मधे एकदा ती चिडून आली, काही फरक नाही म्हणाली, पुन्हा कोट ओला झाला होता. उन्नूरनं बघितलं तर बाई श्वास कोंडून खाली जोर देत होती, भलतीच मेहनत. पुन्हा पहिल्यापासून.

वसंत आला, म्हणजे हिम जरा ओलं पडू लागलं, आणि एका सकाळी ती कुंडात उतरली. पायऱ्यांजवळ बसली.

"मिटलं का तुमचं भांडण?" ओड्गेरनं विचारलं.

मी 'मिटलं' म्हणणार होते. पण स्टेनवोरच म्हणाली, "भांडण नव्हतंच. मला हसताना लघवी व्हायची. आता ते कमी झालंय."

मग टपालवाल्याची बायको हळूच म्हणाली, "मला शिंकताना होते." ओड्गेर आकाशाकडे बघत म्हणाला की त्याला रात्री सारखं उठावं लागतं, आणि उठून नुसतंच उभं राहावं लागतं.

"मग उन्नूरकडे जा," स्टेनवोर म्हणाली.

"सुनेला कसं सांगू?"

"मी सांगितलं तसं."

मी मेंढ्याला चर्चच्या दारातून आत घेतलं. पोरांचा दीक्षाविधी चाललाय, म्हाताऱ्या पाद्रीबुवांना धड दिसत नाही, मेंढा पोरांच्या रांगेत शेवटी उभा. बुवा त्याच्यापुढे येतात, डोक्यावर हात ठेवतात, विचारतात, देवाचा मार्ग सोडणार नाहीस ना?

स्टेनवोरनं पाण्यातून एक बोट वर केलं.

मी थांबले. ओड्गेरला शेवट पाठ होता, तोही तोंड मिटून थांबला. सगळेच थांबले. तिचा चेहरा दगडी झाला, मग तिनं मान हलवली, आणि मी मेंढ्याला बोलू दिलं, "बेंऽऽ!"

ती हसली. पूर्वीएवढं मोठं नाही. हात पाण्यावर आपटले नाहीत, पोहणाऱ्यांपैकी कुणी वळून बघितलं नाही. पण गोष्ट संपली आणि ती बसून राहिली.