शकुबाईचं गाणं अजून माझ्या पोटात आहे

मित्रांनो, तळेगावच्या बाजारात धर्मेंद्रभाऊंचं कॅसेटचं दुकान आहे. तिथे काउंटरमागे पिवळा पडून बसलेला संगणक म्हणजे मी. मी नवा आलो तेव्हा दोन हजार साल नुकतंच उजाडलं होतं. माझ्यापुढे नारळ फोडला, लोक नुसतं मला बघायला दुकानात शिरत. आता माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवतात.

कॅसेटमधली गाणी पोटात साठवायची, हे माझं काम. ज्याचं गाणं, त्याच्या नावाचं एक छोटं चित्र भाऊ माझ्या पडद्यावर ठेवत. चित्रावर टिचकी मारली की मी पोटातलं गाणं वाजवायचो. एकदा जंगूदादा त्यांच्या वारलेल्या बायकोची, शकुबाईची कॅसेट घेऊन आले. तिने गायलेलं लग्नाचं गोंडी गाणं होतं. ते माझ्यात उतरलं आणि जीर्ण फीत तुटली. तेव्हापासून तो आवाज फक्त माझ्याकडे होता. मला त्याचा फार अभिमान वाटे.

यंदा माझं पोट भरलं. नवी गाणी मावेनात. जुनी गाणी सीडीवर हलवायची म्हणून भाऊंनी पडद्यावरची ती चित्रंच सीडीवर चढवली, गाणी माझ्या पोटातच राहिली! मग सीडी माझ्यातच लावून पाहिली. गाणी वाजली. वाजणारच, ती मीच पोटातून वाजवत होतो. पण ओरडून सांगू कसा? जागा करायला भाऊ माझ्या पोटातली जुनी गाणी पुसायला निघाले. मला एकच प्रश्न विचारता येतो, 'नक्की पुसायचं?' तो मी विचारला. भाऊंनी 'हो' दाबलं.

जंगूदादांच्या मुलीचं, रक्षाचं लग्न तोंडावर आलं आहे. ती सीडी घेऊन गेली आणि काल वडिलांना घेऊन परत आली.

"भाऊ, काऊन वाजून नाई राह्यली हे? मांडवात मायचा आवाज पायजे मले."

भाऊंनी सीडी पुन्हा माझ्यात घातली. या वेळी मीही गप्प. त्यांचा चेहरा उतरला.

"माह्याच हातानं पुसलं, दादा."

जंगूदादा माझ्या पडद्याकडे पाहत राहिले.

मित्रांनो, जुनं पुसण्याआधी ते दुसऱ्या यंत्रावर एकदा वाजवून पाहत जा. आणि ऐका, ते गाणं अजून गेलेलं नाही. पुसली गेली ती फक्त त्याच्यापर्यंतची वाट. एखादा जाणकार ते शोधून काढेल. पण भाऊंना हे ठाऊक नाही, मला सांगता येत नाही, आणि सकाळपासून ते नवी गाणी भरत आहेत. रिकाम्या दिसणाऱ्या त्याच जागेवर एकेक गाणं येऊन बसतं आहे. बाजारात आलात तर भाऊंचा हात धरा. आज माझ्यात काही भरू देऊ नका.